घारीच्या डोक्यावरची रेघ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र येऊन चार महिने झाले आणि मी आज उत्तर लिहायला बसलो आहे, याची आधी माफी मागतो. कारणं आहेत. पहिला महिना चष्मा सापडत नव्हता (कपाळावर नव्हता, तिथे मी रोज पाहत होतो, शेवटी तो बुटात निघाला). दुसऱ्या महिन्यात तुझं पत्र जपून ठेवलं, आणि या घरात जपून ठेवलेली वस्तू पुन्हा हाती लागत नाही. तिसऱ्या महिन्यात पत्र सापडलं, पण आता इतक्या उशिरा लिहिलं तर ताई रागावेल अशी भीती वाटू लागली. चौथा महिना त्या भीतीत गेला. तू म्हणशील, हा अजून तसाच आहे. आहे तसाच.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. दुसरा डोळा कधी? डॉक्टर हात धुतो ना? आत नवं भिंग बसवतात असं ऐकलं. त्या भिंगाने डोळ्याचा रंग बदलत नाही ना, तेवढं कळव. सूनबाई म्हणते बदलत नाही, पण ती शाळेत शिकवते, आणि शिकवणाऱ्यांना सगळंच माहीत असतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं जिना उतरताना कठडा धरा, आणि धरण्याआधी कठडा हलवून बघा. या पत्राचं शुद्धलेखन सूनबाईने तपासलं आहे. कुठे ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर तिला कळव, मला नाही.

आता मुद्दा. आपल्या 'गच्ची मंडळ' या चित्रकथेवर मोठा सिनेमा येतो आहे. तुला सगळं आठवत असेलच, पण बावन्न वर्षांत आपण दोघं या विषयावर एक शब्द बोललो नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. दर गुरुवारी तू गच्चीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता गोष्ट सांगायचीस. दादा पालथ्या बादलीवर बसून चित्रं काढायचा, आणि मी त्या चित्रांतल्या फुग्यांमध्ये टाकाने अक्षरं भरायचो. साप्ताहिकाचं शेवटचं पान आपलं. मंडळात चौघं. भिंत, म्हणजे दादा, ज्याच्यावर काहीही आदळलं तरी तो हलत नाही. पिशवी, म्हणजे आई, जिच्या पिशवीतून हवी ती वस्तू निघते (नको ती आधी निघते). चाहूल, म्हणजे मी, ज्याला संकट यायच्या आधी कळतं आणि जो तेव्हापासूनच घाबरून असतो. आणि घार, जी गच्चीवरून झेपावते आणि जिला सगळं दिसतं. पानावर छापून यायचं: चित्रे दादाची, अक्षरे माझी. गोष्ट कुणाची ते कुठेच नसायचं. दादा दर आठवड्याला म्हणायचा, पुढच्या अंकात टाकू. तू म्हणायचीस, "माझं नाव राहू दे. माझे डोळे आहेत त्यात, तेवढे पुरे." पण छपाई एका काळ्या शाईची. काळ्या शाईत तुझे घारे डोळे कसे दाखवणार? ते होते फक्त तिच्या नावात.

आणि तिसऱ्या अंकात माझ्या टाकातली शाई संपली. घ च्या डोक्यावरची रेघ मध्येच तुटली, आणि घारीची धार झाली.

एवढीच चूक. पण चुकीचं नशीब माणसापेक्षा चांगलं असतं की काय कोण जाणे. वाचकांची पत्रं आली, धार हे नाव झकास आहे, तिला काय काय येतं? संपादक खूश, दादा खूश. चौथ्या अंकासाठी तू आमच्याकडे पाठ करून चादरीची घडी घालत सांगितलंस, "धारेच्या बोटांतून पाण्याची धार निघते असं समजा." समजलो. पुढे तुझं लग्न झालं, तू गेलीस, साप्ताहिक बंद पडलं, पण धार काही आटली नाही.

आधी तिला रेडिओने नेलं. तू तेव्हा दूर होतीस, तुझ्याकडे ते केंद्र लागत नव्हतं, त्यामुळे कशातून वाचलीस ते तुला ठाऊक नाही. भिंत बोलत नाही, म्हणून त्या नटाला तेरा भागांत एकच वाक्य मिळालं, आणि ते वाक्य यायच्या आदल्या दिवशी त्याचा घसा बसला. धारेसाठी एक माणूस माइकसमोर तांब्याने घंगाळात पाणी ओतायचा. अर्धा तास ते ऐकून घरोघरचे म्हातारे मधूनच उठून जायचे, आणि परत येईपर्यंत खलनायक पकडला गेलेला असायचा. केंद्राकडे तक्रारी गेल्या. (तेव्हा मी हसलो होतो. आता त्या म्हाताऱ्यांचं दुःख कळतं.)

मग नाटक झालं. रंगमंचावर खरं पाणी, बागेच्या नळीने. दादा आणि मी मानाचे पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत, मी नवा कोट घातलेला. मला सकाळपासून वाटत होतं की काहीतरी होणार. मी दादाला तसं म्हणालोही, तर तो म्हणाला, "तुला रोजच वाटतं." दुसऱ्या अंकात धारेने खलनायकावर नेम धरला, खलनायक अनुभवी होता, तो खाली बसला. कोट नंतर धाकट्या पुतण्यालाही होईना. दादा जागचा हलला नाही, भिजत बसून टाळ्या वाजवत राहिला. त्याला भिंत उगाच नाही केलंस तू.

टीव्हीवर कार्टून आलं तेव्हा मी सगळ्या ओळखीच्यांना आधी कळवून ठेवलं, की चाहूल म्हणजे मी. लावलं, तर चाहूल कुत्रा. संकटाची आधी चाहूल कुणाला लागते, तर कुत्र्याला, असा त्या लोकांनी विचार केला असणार, आणि विचारात चूक काढता येत नाही. शेजारचे डॉक्टर अजून मला जिन्यात भेटले की प्रेमाने म्हणतात, "काय चाहूल, आज काही वास?" पिशवीला त्यांनी तरुण केलं आणि पिशवीच्या जागी पाठीवरचं दप्तर दिलं. आई असती तर म्हणाली असती, खांद्यावर ओझं देऊन पुन्हा नाचायला लावलंय पोरीला.

आता ते मोबाइलमध्ये खेळ म्हणूनही आहे. सूनबाई शाळेतून आली की पाय वर करून खेळते. (हे वाक्य तिने तपासताना खोडलं होतं, मी पुन्हा लिहिलं.) त्यात आपल्याला हवा तो वीर निवडता येतो. मी विचारलं, चाहूलला घेतेस का कधी? ती म्हणाली, "बाबा, तो लढत नाही हो, नुसता कोपऱ्यात उभा राहून 'मला बरं वाटत नाहीये' म्हणतो." मी म्हटलं, अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याला बरोबर केलंय. तेव्हापासून ती त्याला घेते आणि हरते.

आणि आता सिनेमा. गेल्या सोमवारी त्यांनी मला कचेरीत बोलावलं. सगळ्या खोल्या काचेच्या. मी दार समजून भिंतीला धडकलो आणि भिंत समजून दारासमोर उभा राहिलो. सिनेमाची लेखिका मोठी गोड मुलगी आहे, तिने मला खुर्चीत बसवलं, कपाळाला बर्फ दिला, चहा-बिस्किटं दिली. समोर आपलं तिसऱ्या अंकाचं पान माणसाएवढं मोठं करून लावलेलं. म्हणाली, "काका, हे तुमचंच ना अक्षर?" मी मान हलवली. मग म्हणाली, सिनेमाबरोबर ते जुने सगळे अंक एका पुस्तकात काढताहेत. "पण एक गंमत आहे. पहिल्या दोन अंकांत तिचं नावच चुकलंय. सगळीकडे 'घार' पडलंय. आम्ही ते दुरुस्त करून 'धार' करतोय."

ताई, माझ्या तोंडात बिस्कीट होतं.

पुढे तिने विचारलं, "आणि गोष्टी? त्याही दादांच्याच ना?" बिस्कीट अजून होतंच. मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मलाही नीट आठवत नाही, पण तिने काहीतरी लिहून घेतलं. पुस्तक पंधरा तारखेला छापायला जातं. दादा जाऊन तीन वर्षं झाली, तो काही सांगायला येत नाही. घार दोनच अंकांत उरली होती, तिथूनही ती आता जाणार, आणि हे सगळं टाकातली शाई संपल्यामुळे. घरी येताना मी बसमध्ये दोन थांबे पुढे गेलो.

बाकी सर्व ठीक. तब्येतीची काळजी घे. भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सूनबाईने पत्र तपासून परत दिलं. यापुढचं तिला दाखवलेलं नाही, इथून पुढच्या वेलांट्या माझ्या.

शाई संपली होती हे खरं नाही. शाई संपली तर रेघ तुटते, हे बरोबर. पण ध च्या डोक्याशी जी एक छोटी गाठ असते, ती शाई संपल्यावर आपोआप पडत नाही, ती काढावी लागते. ते पान माणसाएवढं झालं तेव्हा ती गाठ माझ्या मुठीएवढी दिसत होती. तू अक्षर ओळखणारी, तुला ती त्याच गुरुवारी दिसली असणार.

त्या दिवशी मी फुग्यात 'सावदान' लिहिलं होतं. तू मोठ्याने वाचलंस आणि म्हणालीस, "चाहूलला संकट आधी कळतं, पण शब्द चुकलाय हे नंतरही कळत नाही." दादा हसता हसता बादलीवरून पडला. मी पाचवीत शाळा सोडलेली, ते तुला माहीत होतं. मला वाटलं, हिला एक आठवडा दाखवू. पुढच्या गुरुवारी रेघ पुन्हा जोडणार होतो. पण पत्रं आली, आणि तू काही न बोलता पाण्याची गोष्ट सांगितलीस. मी तुझी पाठ बघत होतो. तुला वाटलं असेल की आम्ही दोघा भावांनी ठरवून तुला पुसून टाकलं. दादाला काही माहीत नव्हतं, ताई. त्याला ती शाईच वाटली, मरेपर्यंत. तो बिचारा भिजत टाळ्या वाजवत होता. पुसलं ते मी एकट्याने, आणि माझा राग संध्याकाळपर्यंतही टिकला नव्हता.

ता. क. दुसरं. खरं काम हे आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चौघांची नावं जुन्या वळणात हवी आहेत, ती मी करून द्यावीत असं लेखिकेचं म्हणणं आहे. भिंत केली, पिशवी केली, चाहूल जरा थरथरते आहे पण तिला ते शोभतं. घ मात्र होत नाही. हात आता असा झाला आहे की डोक्यावरची रेघ ओढायला गेलो की ती पायऱ्या उतरत खाली येते. अकरा कागद वाया गेले. पण हात चांगला असता तरी ती रेघ मी तुला न विचारता ओढावी असं मला वाटत नाही.

तर एका कोऱ्या कागदावर मोठा घ काढून पाठव. सोबत काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तो आला की मी त्याच दिवशी जाईन, बिस्कीट न खाता बसेन, आणि गोष्टी कुणाच्या ते सांगेन. त्यांना तुझं नाव सगळ्यात वर टाकावं लागेल, पुढच्या अंकात नाही, याच. तुला ते नको असेल, तर ध पाठव. मी गप्प राहीन, आणि गप्प का राहिलो ते सूनबाईलाही सांगणार नाही.

ता. क. तिसरं. पेनात शाई भरलेली आहे ना ते आधी बघ. आणि पंधरा तारीख जवळ आली आहे, टपालाला चार दिवस लागतात, पाचही लागतात, मी चौकशी केली. पत्र पोचल्याबरोबर पाठव. मी उद्यापासूनच पेटी उघडून बघायला लागणार आहे.