ओ देणारा चेहरा

मंगळवार, १२ मार्च
सकाळी, चहा झाल्यावर

चि. मास्तर यास,

अनेक आशीर्वाद. हे रीतीप्रमाणे लिहिले आहेत. मनापासून द्यायचे की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन.

इकडे मी बरी आहे. गुडघा दुखायचा तेवढा दुखतो. मधल्या खोलीतला पंखा कुरकुर करायचा, तो आता करत नाही, कारण तो बंदच पडला. सूनबाईंचा खोकला गेला असेल. धाकटीचे दात पडायला लागले का? पडले असतील तर तिला म्हणावं, आजीचेही पडतायत, आपण दोघी एका वर्गात.

फोन असताना आईला कागद कशाला लागला, असं तुला वाटेल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. पंखा बंद पडला, अंगठा. गुडघ्याला सूज आली, अंगठा. मागे एकदा धीर करून लिहिलं होतं, 'घर फार मोठं वाटतं रे,' त्यालाही अंगठा. बाइंडिंगच्या कारखान्यात पानांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. एका पुस्तकाची पानं माझ्या टेबलावर यायची, पुढची पलीकडच्या टेबलावर जायची, म्हणून कित्येक वर्षं मला एकाही गोष्टीचा शेवट ठाऊक नव्हता. एवढं करून मी अंगठेबहाद्दर राहिले नाही, आणि आता माझा इंजिनिअर मुलगा अंगठे उठवतो. कागदावर तुला तो उठवता येणार नाही. एवढ्यासाठी कागद.

मुद्द्यावर येते.

माझ्या पोस्टखाली बाबांनी बोट दाबून दिलेले चेहरे नाहीसे झाले, हे तुला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात, सोमवारी, मी सवयीनं माझी एक जुनी पोस्ट उघडली. खाली वाचनालयातल्या बाईंचं हार्ट होतं, शेजारच्या वहिनींचं हार्ट होतं, बाबांचा चेहरा नव्हता. दुसरी उघडली, तिथेही नाही. जिथे त्यांच्याशिवाय कुणी फिरकलंच नव्हतं, तिथे नुसती पांढरी पट्टी. मी तशीच उभी राहून तुला फोन लावला.

तू म्हणालास, "आई, अ‍ॅप जुनं झालं असेल. अपडेट कर."

केलं. काही नाही.

"मग कॅश क्लिअर कर."

मी म्हटलं, "अरे, घरात कॅश आहेच कुठे?" तू हसला नाहीस. एरवी असल्या विनोदावर तू मला दहा मिनिटं चिडवलं असतंस. तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

मग फोन बंद करून चालू करायला लावलास. मग लॉगआउट करायला लावलंस. मी बाहेर पडले आणि पासवर्ड काही आठवेना, स्वतःच्याच घराबाहेर कुलूप लागल्यासारखी अर्धा दिवस बाहेर. मग अख्खं अ‍ॅपच काढून परत टाकायला सांगितलंस. तेही केलं. मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' माझा खरा अभिप्राय ऐकला असता तर त्यांनी मोल परत मागितलं असतं.

शेवटी चौकातल्या मोबाईलच्या दुकानात गेले. तिथली मुलगी एकीकडे कुणाच्या तरी फोनची काच काढत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, बाकीच्यांची हार्टं दिसतायत ना? मग तुमच्या फोनला काही झालेलं नाही. कुणाचे दिसत नाहीत?"

"ह्यांचे."

"काकांनी ब्लॉक केलं असेल. भांडलात का?"

"ते वारलेत."

तेव्हा तिनं काच खाली ठेवली. माझा फोन घेऊन बाबांचं नाव शोधलं, दोनदा शोधलं, आणि म्हणाली, "मावशी, काकांचं खातंच नाहीये. कुणीतरी बंद केलंय. खातं गेलं की त्या माणसानं जिथे जिथे बोट लावलं असेल ते सगळं त्याच्याबरोबर जातं. मागे एका गिऱ्हाइकाचं असंच झालं होतं, बिचारी माझ्यावरच ओरडून गेली."

मी ओरडले नाही. घरी आले, पाणी प्यायले आणि तुला परत फोन केला. मला काय कळलंय ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, "बाबांचे चेहरे कुठे गेले असतील रे?"

तू म्हणालास, "सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल आई. येतील आपोआप."

मास्तर, हे नाव तुला बाबांनी ठेवलं, कारण तू लहानपणी सगळ्यांच्या चुका काढायचास. पाहुण्यांच्या बोलण्यातल्यासुद्धा. खोटं मात्र कधी बोलला नव्हतास. काच फोडलीस तर फोडली म्हणून सांगायचास, वर ती कशी फुटली ते समजावून द्यायचास. त्या मुलानं मला चार दिवस हे पूस, ते काढ, आत जा, बाहेर ये म्हणून नाचवलं, आणि सगळा वेळ त्याला माहीत होतं. खातं तूच उघडून दिलं होतंस. बाबांचा फोन मागच्या महिन्यात तूच नेलास. तिसरं कोण असणार?

मागच्या महिन्यात इथे आला होतास तेव्हा तू बाबांची नावं कमी करत सुटला होतास. वीजबिलावरचं नाव कमी केलंस, बँकेतलं केलंस, दारावरची पाटी उतरवलीस. शर्ट पिशव्यांत भरलेस.  मी मनात म्हटलं, मुलाची दुःख करायची हीच तऱ्हा असेल, काहींना आवरल्याशिवाय रडता येत नाही. पण ती पाटी तुझी नव्हती आणि माझ्या पोस्टखालचे चेहरेही तुझे नव्हते. ते त्यांनी मला दिलेले होते. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मुलानं परत नेली तर त्याला काय म्हणतात, ते तू शिकलेला माणूस, तूच सांग.

तो चेहरा काय होता, तुला माहीत नाही. तू हसायचास, बाबांना म्हणे सगळ्याचंच आश्चर्य वाटतं. आश्चर्य नव्हतंच ते.

लग्न झाल्यापासून मी 'अहो' म्हटलं की ते 'ओ' म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून, ते आतून. आमचं बोलणं म्हणजे बरंचसं एवढंच. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला. मी हाक मारायची आणि मग जाऊन बघायचं, ऐकलं की नाही. तेव्हा तू दोघांनाही खाती उघडून दिलीस, हे उपकार मी विसरलेले नाही. मी वाचलेल्या पुस्तकांवर दोन-चार ओळी टाकायला लागले. पोस्टवर बोट दाबून धरलं की चेहऱ्यांची ती रांग येते ना, ती त्यांनी पहिल्यांदा पाहिली, एका गोल तोंडाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि आवाज गेल्यापासून जवळ ठेवलेल्या लिहायच्या पाटीवर लिहून दाखवलं: 'हा ओ म्हणतोय.'

झालं. तेव्हापासून मी पोस्ट टाकायची आणि आतून ओ यायचा.

त्यांना पुस्तकांचं काही नव्हतं. वाचतात तरी की नुसतेच देतात, बघावं म्हणून एकदा मी 'कांदे संपले' एवढंच पोस्ट केलं. लगेच ओ. पाठोपाठ वाचनालयातल्या बाईंचं हार्ट. संध्याकाळी हे कांदे घेऊन आले.

आता हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. त्या दिवशी सकाळी मी विहिरी खणणाऱ्या एका माणसाच्या गोष्टीवर लिहिलं होतं. ओ आला. शेजारच्या वहिनी दारात होत्या, त्यांनी विचारलं, "भाऊ उठले का?" मी फोन दाखवला, म्हटलं, "हा बघा, ओ आला." आणि आम्ही दोघी भाजीवाल्याला नावं ठेवत उभ्या राहिलो. मी आत गेले तेव्हा फोन त्यांच्या छातीवर होता, उघडाच.

आवाज गेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द होता तो. त्या पोस्टखाली होता. मी रोज चहा घेताना तिथे जाऊन यायची. तू तो पुसलास आणि मला म्हणालास, कॅश क्लिअर कर.

(दुपार झाली. मध्ये उठून भांडी घासली. जोरात घासली.)

तू हे का केलंस, त्याचा मी भांडी घासताना विचार केला. गैरवापर होऊ नये म्हणून, असं तू म्हणशील. असेलही. पण निघताना दारात बुटांची नाडी बांधता बांधता तू मला एक विचारलं होतंस, वर न बघता. "आई, बाबांनी तुझ्या कांद्यांनाही रिअ‍ॅक्शन दिली. माझ्या एवढ्या फोटोंवर त्यांचा एक तो लाल चेहरा सोडला तर काही नाही. तुझ्या लक्षात आलं होतं कधी?" मी म्हटलं, "जाऊ दे, गाडी चुकेल."

मला माहीत होतं. सांगितलं नाही, कारण त्यांनी पाटीवर लिहून मला बजावलं होतं, 'त्याला सांगू नको.' आज सांगते. त्यांना राग आला तर येऊ दे, मलाही आलाय.

तुझ्या नव्या घराचा फोटो आठव. तू आणि सूनबाई दारात, तुझ्या हातात किल्ली. ह्यांनी ओ द्यायला अंगठा टेकवला. कारखान्यात लेथच्या मशीनवर चेपलेला तो अंगठा, त्याचं टोक असं निबर झालेलं की फोनची काच त्याला धड ओळखायचीच नाही. तो घसरला आणि कडेच्या लाल, संतापलेल्या चेहऱ्यावर पडला. त्यांना कळलंही नाही. तुझा फोन आला तेव्हा कळलं. स्पीकरवर होता. "बाबा, ऑफिसातले सगळे विचारतायत, वडिलांना घर आवडलं नाही का म्हणून! येत नसेल तर हात लावू नका ना!"

ते काय उत्तर देणार? त्यांनी पाटीवर 'बरं' लिहिलं आणि पाटी फोनसमोर धरली. साधा कॉल होता तो, तुला दिसणार नव्हतं. मी सांगेपर्यंत धरून उभे होते.

त्या दिवसानंतर तुझा फोटो आला की ते फोन टेबलावर उताणा ठेवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि वाकून बघायचे. मास्तरांपुढे उभ्या राहिलेल्या पोरासारखे. पुढचा फोटो हवा असला की मला मानेनं खूण. धाकटी पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ आम्ही तसाच पाहिला, तीनदा, आणि तिन्ही वेळा त्यांचे हात पाठीमागेच होते. मी म्हटलं, "द्या की एक ओ नातीला." त्यांनी मान हलवली. तू हात लावू नका म्हणाला होतास. तो लाल चेहरा काढायलासुद्धा त्यांनी परत हात लावला नाही.

तुला वाटलं, बाबांनी बघितलंच नाही. अरे, तुझ्या फोटोंएवढं त्यांनी काही म्हणजे काही बघितलं नाही.

आता काय करायचं ते नीट वाच. दुकानातली मुलगी म्हणते, बंद केल्यापासून महिन्याच्या आत त्याच नंबरानं आणि त्याच पासवर्डनं आत गेलं तर खातं परत उघडतं. त्यानंतर कायमचं जातं. त्या नंबराचा फोन तुझ्याच खणात पडला असेल, पासवर्ड तू ठरवलेला. तू कोणत्या तारखेला बंद केलंस ते मला माहीत नाही, तुला आहे. पत्र कुरिअरनं पाठवते आहे, उशीर झाला असं म्हणायला जागा ठेवत नाही. हे वाचून झालं की खुर्चीतून उठायच्या आधी कर. मीटिंग असेल तर असू दे.

उघडलंस की सगळं परत येईल. माझ्या पुस्तकांखालचे ओ येतील, कांद्यांचा येईल, त्या सकाळचा येईल. तुझ्या घराच्या फोटोखालचा लाल चेहराही येईल. तो काढायला जाऊ नकोस. तोही ओच आहे, घसरलेला.

माझा राग गेलेला नाही. तो मी ठेवणार आहे, तू इथे येऊन समोर बसेपर्यंत. येताना खोटं बोलायला येऊ नकोस, तुला ते जमत नाही, आणि पंख्याचंही बघ. वर लिहिलेले आशीर्वाद खोडावेत असं दोनदा मनात आलं, पेन तिथपर्यंत नेलंही. खोडले नाहीत.

अंगठा पाठवू नकोस. मी हाक मारली आहे, ओ दे.

आई