कड्याखालची वाट

पाचोरा,
दि. २० जानेवारी २०२५

चि. कोकिळा हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता खुशाल आहोत. केळीस पाणी वेळेवर मिळते. शिरपुरास तुझी शाळा सुरळीत चालू असेल.

केरळातून परत येऊन आठवडा झाला. वर्कल्याचा समुद्र तू दाखवलास, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निराळी आहे.

"आमच्या शाळेतले हितेंद्र सर योगायोगाने इथंच आलेत," असे तू मला तेथे सांगितलेस. शिरपुराहून इतक्या दूर, त्याच लॉजवर, शेजारच्याच खोलीत योगायोग उतरतो, हे चौथी शिकलेल्या माणसासही पटत नाही. मी पाहत राहिलो. चहा आला तेव्हा माझा बिनसाखरेचा, हे वेटरला त्यांनीच सांगितले. त्यांना ते कोणी सांगितले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण समुद्रकाठच्या मातीच्या कड्याखालून चाललो. तांबडा, पिवळा, पांढरा, राखी असे थर एकावर एक. तू म्हणालीस, "आबा, रंग तरी पाहा." मी म्हणालो, "कच्च्या विहिरीत असेच रंग दिसतात. बांधकाम नसलेल्या भिंतीखाली आम्ही उभे राहत नाही." तू हसलीस. हितेंद्र हसले नाहीत. ते माझ्या आणि कड्याच्या मध्ये आले व शेवटपर्यंत त्याच बाजूने चालले. वरून थोडी माती गळाली, ती त्यांच्या खांद्यावर पडली. तू ती झटकलीस. परक्या माणसाच्या खांद्यावरची माती कोणी इतक्या सहज झटकत नाही.

जावईबापू जाऊन सहा वर्षे झाली. तू पुन्हा संसार मांडू नयेस, असे मी कधी म्हटलेले नाही. तुझ्या आईस विचारले, तर म्हणाली, "तुमले आते समजनं? माले दिवाळीपासून ठाऊक शे." म्हणजे या घरात परका मीच.

हितेंद्र यांना आईवडील आहेत की नाहीत, हेही तू सांगितले नाहीस. असल्यास त्यांना घेऊन त्यांनी पाचोऱ्यास यावे. तुझ्याबरोबर येऊ नये. मागणी मुलीच्या बापाच्या ओट्यावर बसून घालायची असते. होकार की नकार, ते त्या वेळी पाहू.

तुझी आई पाहुण्यांच्या पुरणाच्या मांड्यांसाठी गहू निवडत बसली आहे. मी तिला तसे सांगितलेले नाही. थांबवलेलेही नाही.

अद्याप ज्यास कोणी विचारलेले नाही असा,
तुझा बाप
तोताराम