बारावा खडा

प्रिय नंदू,

बाबांची छाप्यांची वही आज कुरिअरनं पाठवली. लष्करी अकादमीतल्या मुलांना शिकवायला तुला हवी होती ना? देण्याआधी पुन्हा वाचली. शत्रू गाफील कधी असतो, किती मिनिटांत वार करायचा, न रेंगाळता माघारी कसं फिरायचं, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे. लग्न ठरलं तेव्हा कॉन्व्हेंटमधली मी त्या अक्षरालाच भुलले होते.

एक गोष्ट मात्र वहीत नाही. सीमेवरच्या शेवटच्या छाप्यात बाबांच्या हाताखाली बारा जवान होते. निघताना प्रत्येकानं खिशात एक खडा ठेवायचा आणि परतताना नाल्यापाशी तो बाबांच्या हातात द्यायचा, ही त्यांची अंधारात, न बोलता मोजायची रीत. जांब समर्थचा तातेराव आणि शेजारच्या गावचा भिवा जिवलग दोस्त. परतीच्या वाटेवर तातेरावनं आपला खडा भिवाकडे दिला, "माझा बी देऊन टाक, मी आलोच मागून." भिवानं दोन्ही दिले. बारा खडे भरले. बाबांनी तोंडं पाहिली नाहीत. छाप्यात थांबायचं नसतं, ते निघाले. उजाडल्यावर भिवा तातेरावला शोधू लागला, तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी तातेरावचा मृतदेहच सापडला. मांडीला त्यानं स्वतःच पट्टी बांधली होती.

दर दिवाळीनंतर आपण त्याच्या आईकडे, आसराबाईंकडे जायचो. तू त्यांच्या शेळ्यांमागे धावायचीस. त्या बाबांना चिडवायच्या, "सुभेदार, नव्या जावयावानी लाजून काय राह्यला? खा की पोटभर!" पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, "लेकराला शेवटी पाणी कोन पाजलं?" बाबा म्हणाले, "मी." तेव्हापासून तव्यावरची पहिली भाकरी बाबांची. घरी आल्यावर ते दुसऱ्या दिवसापर्यंत जेवायचे नाहीत. का, ते त्यांनी वारण्याच्या आठ दिवस आधी मला सांगितलं.

आसराबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. गुरुवारी जांबला जाऊन मी त्यांना त्या पाण्याचं खरं सांगणार आहे, हे तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक कबूल करताना कारणं जोडू नका. मी जोडणार नाही. त्यांनी दारातूनच घालवलं, तरी सांगूनच परतेन. मुलांना वही शिकवशील तेव्हा हेही शिकव. तुझी परवानगी मागत नाहीये. सोबत यावंसं वाटलं तर ये. फक्त वर्दीत येऊ नकोस.

तुझीच,
आई