बारा पेरं

९ ऑक्टो. २००६, सोमवार. उंटरश्लाइसहाइम, जर्मनी

आशिष आणि सूनबाई मृदुला कामाला, नात सानिका शाळेत. दहाला खालच्या मजल्यावरचे आर्ची वर आले. हातात कागद. "मिसेस ढवळे, मला काम मिळालंय!" चार वर्षांनी.

ऑस्ट्रेलियातले नट. बायको जर्मन, ती गेल्यावर तिच्याच घरात राहिले. वय सत्त्याहत्तर. सिनेमाचं शूटिंग इथल्याच स्टुडिओत, १० नोव्हें.ला. मरायला टेकलेला मेंढपाळ मुलीशी बारा वाक्यं बोलतो आणि जातो.

"छोटं काम आहे," मी म्हटलं.

"सगळं आयुष्य छोट्या कामांतच मेलोय. एकदा तर पहिल्याच मिनिटाला."

मी वाचायचं, त्यांनी पाठ करायचं असं ठरलं. माझं इंग्रजी पेपर आणि डिक्शनरी घेऊन घरीच शिकलेलं. अजून बोट ठेवून वाचते. त्यांना तेच बरं वाटतं. हळू म्हणून.

१२ ऑक्टो.

त्यांची पोलिसांची जुनी मालिका दुपारी टीव्हीवर. जर्मनमध्ये. सानिकाला म्हटलं, बघ, खालचे आजोबा. तिने नेहमीसारखं जर्मनमध्येच उत्तर दिलं. ते नव्हेत म्हणे, आवाज वेगळा आहे.

आर्चींना सांगितलं. हसले, मग सांगू लागले. वीस वर्षं इथे त्यांच्या तोंडून एकच जर्मन डबिंगवाला बोलतो. पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला गेले तर सासू म्हणाली होती, पडद्यावर तुमचा आवाज जास्त छान असतो. या सिनेमात मात्र आवाज त्यांचा स्वतःचा राहणार, खाली जर्मन अक्षरं येणार.

"आणि अडखळलो, तर तोंड माझं, आवाज पुन्हा त्याचा."

१७ ऑक्टो.

चौथ्या वाक्याला अडले. काल पाठ होतं. अडले की डोळे मिटून हसतात, मुद्दाम थांबल्यासारखे. ते हसू मी ओळखते. ह्यांचंही तसंच होतं.

१८ ऑक्टो.

युक्ती सुचली. लहानपणी वडील पावकी-निमकी शाळेच्या पायऱ्यांवर घोकून घ्यायचे. पायरीला एक. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत बरोबर बारा पायऱ्या. पायरीला एक वाक्य. चौथ्या फेरीत बाराही आली! शेजारच्या बाईंनी दार उघडून घड्याळ दाखवलं. दुपारची रुहेत्साइट, आवाज करायचा नाही. आर्चींनी वाकून मुजरा केला, तेव्हा हसल्या.

२२ ऑक्टो., रविवार

काल लक्ष्मीपूजन. आज चकल्या द्यायला खाली गेले तर जळका वास. भांडं काळं ठिक्कर, आर्ची पेपर वाचताहेत. शेगडी मीच बंद केली.

"चहा ठेवला होता."

"केव्हा?"

तेच हसू. मग माझा हात धरला. "शूटिंग होऊ दे. मग मीच सगळ्यांना सांगेन."

आशिषला सांगितलं. "आई, आजच्या आज त्यांच्या मुलीला फोन कर. ॲडलेडला असते ना?" शूटिंगचं म्हटलं. मग म्हणाला, "बाबा काय म्हणाले होते? दिवाळी होऊ दे, मग आशिषला सांग. तेच ना?"

तेच. ह्यांचं विसरणं आठ महिने लपवलं मी. नवरात्रात हे दूध आणायला गेले. तिसऱ्या दिवशी सापडले.

दिवाळी झालीच नाही.

१ नोव्हें.

सुट्टी. सगळं बंद. त्यांच्या शेगडीचा फ्यूज मी काढूनच ठेवलाय, ते जेवतात आमच्याकडे. आज मुलीचा नंबर पेन्सिलने लिहून दिला. "तुमच्याकडे असू दे." म्हणजे ओझं माझ्या पर्समध्ये. पक्के नट.

६ नोव्हें.

स्टुडिओतून कात्रिनचा फोन. ती सगळ्यांच्या वेळा बघते. "तुम्ही तयारी करून घेता ना? जमेल त्यांना?"

"हो, हो," मी म्हटलं.

"छान. आणि दगदग नाही, सगळा सीन पलंगावरच आहे."

पलंगावर! मरणारा माणूस जिना चढतो का? तीन आठवडे मी त्यांना पायऱ्यांवर घोकवलं. "साठ वर्षं या धंद्यात, मलाही सुचलं नाही," आर्ची म्हणाले. पलंगावर आडवं करून बघितलं. तीन वाक्यं आली. चौथं नाही.

७ नोव्हें.

पेरं. आई जप मोजायची तशी. चार बोटं, तीन-तीन पेरं, अंगठा सरकवत जायचं. बरोबर बारा. उजवा हात पांघरुणाखाली, कुणाला दिसणार नाही. पण संधिवात. अंगठा करंगळीपर्यंत पोचत नाही. डाव्या हातावर घ्या म्हटलं, तर तो सीनमधल्या मुलीच्या हातात. म्हणजे नऊ पक्की, शेवटची तीन अधांतरी.

८ नोव्हें.

राहवलं नाही. कात्रिनला फोन केला. परवा खोटं बोलले, ते विसरतात, नऊ येतील, पुढचं सांगता येत नाही. ती म्हणाली, "दोन टेक देऊ. नाहीतर डबिंग."

आर्चींना सांगितलं. चेहरा दगड. "माझी बायको असती तर तिने असं केलं नसतं."

"मी बायको होते. सांगितलं नाही, त्याचं काय झालं ते मला विचारा."

जेवायला वर आले नाहीत. ताट खाली नेऊन ठेवलं.

९ नोव्हें.

ताट धुऊन दाराशी. त्यावर चिठ्ठी: उद्या नऊला निघायचं, तुम्ही सोबत याल ना?

गेले खाली. म्हटलं, जमो न जमो, टेक संपला की मुलीला फोन मी करणार. "दिग्दर्शकबाईंपेक्षा तुम्ही कडक," म्हणाले. आणि करंगळी पुढे केली. "हिला सांगा जरा जवळ यायला."

१० नोव्हें., शुक्रवार. स्टुडिओ

बाहेर बाकावर बसून लिहितेय. आत जाऊ देत नाहीत. दारावर लाल दिवा. कात्रिनने कानाला हेडफोन लावून दिला.

पहिला टेक सातवर थांबला. कुणीतरी खोकलं म्हणे. खरं असेल.

ॲडलेडला आता रात्रीचे साडेआठ. मुलगी जागी असेल. नंबर हातात, घामाने पेन्सिल फिसकटतेय.

दुसरा. उजव्या हाताने लिहितेय, डावा अंगठा माझ्याच पेरांवर. चार गेलं. पाच. सहा. पडद्यावरचा नाही, आमच्या जिन्यातला आवाज. खरखरीत, मेंढ्यांमागे धावलेला. आठ.

नऊ झालं.

थांबलेत.

दहावं माझ्या ओठांवर. कुणी कट म्हणत नाही. दिवा लाल. कानात नुसता श्वास.

त्यांचाच आहे.