उघडला नाही, असं यंत्र म्हणतं

सोमवार, ४ मार्च
मालक आज टेबलावर हात आपटून बोलले. “यादीत चार हजार माणसं, आणि मेल उघडतात सातशे! या झोपलेल्यांमुळे आपले सगळेच मेल स्पॅममध्ये जायला लागलेत. शुक्रवारी पाच वाजता त्यांची नावं काढून टाक.” मी मान डोलावली. चष्म्याच्या दुकानात मेल लिहिणारी, दुसरं काय करणार!

मेल धाडणाऱ्या यंत्राचा नियम सोपा — मेलमधलं चित्र समोरच्याच्या फोनवर उतरलं, की ‘उघडला’. वर्षभरात एकही न उघडलेले निघाले नऊशे बारा. त्यात दादा.

माझ्याशी भांडून घर सोडलं त्याला दीड वर्ष झालं. फोन नंबरही बदलला. चार महिन्यांनी अचानक आमच्या यादीत त्याचा पत्ता — त्याने स्वतः घातलेला! मी इथे लिहिते हे त्याला ठाऊक. तेव्हापासून दर आठवड्याला चार हजारांना लिहिते, खरं तर एकालाच. सरळ लिहायला हात धजत नाही. आणि हा एकही उघडत नाही. मग नाव कशाला घातलंस, शहाण्या?

मंगळवार, ५ मार्च
त्या नऊशे बारांना शेवटचा मेल. मालक म्हणाले, “घाबरव जरा. ‘शेवटची संधी’ लिही.” घाबरून कोण परत येतं? त्या दिवशी मीच म्हणाले होते, “जातोस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस!” लाज वाटते.

विषयाच्या ओळीत सात वेळा खाडाखोड. राहिलं ते — ‘तुम्ही आहात ना?’ आत चार ओळी लिहिल्या — आईच्या चष्म्याची मोडकी दांडी, दोऱ्याने बांधलेली. (खरीच! लेक चष्म्याच्या दुकानात, आणि आईच्या कानावर दोरा.) खाली एकच बटण — ‘मी आहे’; दाबेल त्याचं नाव राहील. मालक खूश. “बटण झोकात कर, चष्म्याच्या आकाराचं!” केलं. बटणाचं चित्र सुबक झालंय.

बुधवार, ६ मार्च
पाठवला.

गुरुवार, ७ मार्च
एकशे चाळीस जणांनी बटण दाबलं. मालक शीळ घालत फिरतायत. दादा नाही. आई म्हणाली, “ताटाशी काय खेळतेस? जेव की!” तिला काय सांगू?

शुक्रवार, ८ मार्च
साडेचार — नाही. पावणेपाच — नाही.

त्याचं एक नाव ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण राग आला. दीड वर्षाचा राग! सगळ्यांबरोबर काढलं. यंत्राने आपोआप निरोप धाडला — ‘तुमचं नाव यादीतून वगळलं आहे.’

शनिवार, ९ मार्च
त्या निरोपाला उत्तर आलंय. जसंच्या तसं उतरवते —

“काढलंस मला? एकूण एक मेल वाचलाय, चिमणे. फोन जुना आहे, चित्रं बंद ठेवतो. आईला आधी नवा चष्मा कर. बुधवारी दोऱ्यापर्यंत वाचलं, त्याखाली नुसती रिकामी चौकट होती. तिथे काय होतं?”