वरच्या बाहूतलं बूच

४ फेब्रुवारी

गाठ आतून सडकी निघाली! बाहेरून नखाएवढा काळा डाग. पटाशीचं टोक लावलं तर भुसा गळायला लागला. आणि नेमकी कुठे, तर धनुष्याच्या वरच्या बाहूत, पोटाकडून – म्हणजे दोरी ओढताना जी बाजू तोंडाकडे येते तिथे. हिच्या डोळ्यांसमोर. खालच्या बाहूत असती तर एवढं वाटलं नसतं. – खोटं. तरीही वाटलंच असतं.

दुसरं लाकूड आणू का, असं हिला विचारलं. लग्नाला हो म्हणताना एवढा वेळ लावला नव्हतास, म्हणाली.

५ फेब्रुवारी

लाकूड तेच. गाठ कोरून काढायची, बूच बसवायचं.

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. कॉलेजात असताना ही तिरंदाजीच्या सामन्यांत उतरायची. मी हिला पहिल्यांदा पाहिलं तेच पाठमोरी, मैदानावर, दोरी कानापर्यंत ओढलेली. मग संसार, नोकरी, आणि दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडणं. उजव्या खांद्याचं ऑपरेशन. त्यानंतर धनुष्याचं नाव काढलं नाही. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, हलकं असेल तर हरकत नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, विकतचं नको, तू करून दे.

ही एकदाच मागते. दुसऱ्यांदा मागितलेलं मला आठवत नाही.

७ फेब्रुवारी

गिरमिटाने गाठ काढली. स्वच्छ लाकूड लागेपर्यंत जायचं होतं. निम्म्या जाडीच्या आतच लागलं. बाहूची पाठ, म्हणजे बाहेरची बाजू, शाबूत आहे. सुटलो! गोल काठीचा तुकडा कापला, डिंक लावला, बसवला. सुरेख बसला.

मेहुणा आला होता. त्याला आमच्या खात्याची गंमत वाटते – मी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून शिक्के मारतो. "भाऊजी, ताईच्या खांद्यावरही एक मारून टाका. तपासला, योग्य आहे." सगळे हसले. मीही. ही सगळ्यात जास्त.

८ फेब्रुवारी

चुकलं!! आंघोळ करताना लक्षात आलं. काठीच्या लाकडातल्या रेषा काठीच्या लांबीत असतात. ती भोकात उभी घातली म्हणजे बुचाच्या रेषा बाहूला आडव्या झाल्या. धनुष्य वाकलं की पोटाचं लाकूड दाबलं जातं, आणि त्या दाबात बुचाने लाकडासारखंच वागायला हवं. त्यासाठी रेषेला रेषा जुळायला हवी. पुस्तकात हे वाचलं होतं, खाली रेघही ओढली होती. मग हाताने असं का केलं? सोपं होतं म्हणून.

परत कोरलं. भोक आता थोडं मोठं झालंय.

११ फेब्रुवारी

त्याच ओंडक्याच्या उरलेल्या ढलपीतून दुसरं बूच. या वेळी रेषा बाहूच्या लांबीत. घासायचं, बसवून बघायचं, काढायचं, परत घासायचं. ठोकून चालत नाही – आजूबाजूचं लाकूड फाटतं. अंगठ्याने दाबून जाईल एवढंच घट्ट हवं.

आई दारात उभी राहून बघत होती. माझी दाढ भरली तेव्हा डॉक्टरला याच्या निम्मा वेळ नाही लागला, म्हणाली. शिवाय मी त्या दाढेने अजून चावते.

१४ फेब्रुवारी

बूच काचेच्या तुकड्याने तासून सपाट केलं. डोळे मिटून अंगठा फिरवला तर सांधा लागत नाही. डोळे उघडल्यावर दिसतो. केसाएवढा. दिसतो का? सकाळच्या उजेडात दिसला, दुपारी नाही.

आज एका वाण्याचा काटा किंचित जास्त दाखवत होता. शिक्का दिला नाही. साहेब घरीही असेच का, त्याने विचारलं.

१६ फेब्रुवारी

भिंतीवरच्या खुंटीला धनुष्य अडकवून, कप्पीतून दोर घेऊन लांबून ओढलं. अर्ध्यापर्यंत. दोन्ही बाहू सारखे वाकतात. बूच शांत. आणखी वीतभर ओढलं असतं तर पूर्ण झालं असतं. हात पुढे गेला नाही.

'टक्' असा आवाज आला होता का? कप्पीचाही असेल.

१९ फेब्रुवारी

आज हिने धनुष्य खुंटीवरून काढून हातात घेतलं. बुचावरून बोट फिरवलं. मी सांगायला लागलो – सांधा, दाब, अजून चार दिवस डिंक मुरू दे. तिने ऐकून घेतलं.

"तुला भीती कसली वाटते? लाकडाची की माझ्या खांद्याची?"

लाकडाची, असं म्हणायला हवं होतं. किंवा खरं काय ते. मी म्हटलं, बघू.

तिने धनुष्य परत खुंटीला लावलं. सरळ आहे ना ते बघून, नीट.

२१ फेब्रुवारी

विचारत नाही आता. दोन दिवसांत धनुष्याबद्दल एक शब्द नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. उलट खुशीत आहे, गुणगुणते आहे. म्हणजे तिने मनातून सोडून दिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि मी ते कोरत बसलो!

२३ फेब्रुवारी

धनुष्यात बाक राहतोय. दोरी उतरवून टेबलावर पालथं ठेवलं तर खाली पेन्सिल सरकते. आठवड्यापूर्वी सरकत नव्हती. मी तर अर्ध्यापुढे ओढलेलंच नाही! नुसतं खुंटीवर टांगून लाकूड दमतं का? बूच आत दबत असणार. दुसरं काय कारण असेल?

घरात सगळ्यांचंच काहीतरी चाललंय. आईने जुने कपडे एका पोत्यात ठासून पोतं मागच्या भिंतीला उभं केलंय. कपाटात जागा नाही म्हणे. हिच्या डाव्या हाताला, आतल्या बाजूने, लाल पट्टा उठलाय. तवा लागला, म्हणाली. मलम लावून देतो म्हटलं तर हात मागे घेतला. मी लावलेलं मलमही नको झालंय.

२५ फेब्रुवारी

ठरलं. उद्या अर्धी रजा टाकतो. बूच परत कोरून काढायचं, तिसरं बसवायचं. हिला सांगितलं नाही. काय सांगणार?

२६ फेब्रुवारी

दुपारी लवकर परतलो. घरामागून 'ठप्' आवाज आला. थोडं थांबून परत 'ठप्'.

आई खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर हिचे जुने बाण. ही पाठमोरी. दोरी कानापर्यंत. खांदा जराही थरथरत नव्हता. बूच पूर्ण वाकलेल्या बाहूत होतं, आणि मला ते तिथून दिसतही नव्हतं. बाण सुटला तशी दोरी तिच्या डाव्या हाताला आतून चाटून गेली, आणि समोरच्या कपड्यांच्या पोत्यात 'ठप्'.

फाटक न वाजवता लावलं आणि ऑफिस सुटायच्या वेळेपर्यंत रस्त्याने फिरत राहिलो.

संध्याकाळी धनुष्य खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, तपासलं, योग्य आहे. आई एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

"नक्की?" हिने विचारलं, आणि डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.