काटा सहा हजारांवर

कलकत्ता,
१६ जानेवारी १९७८

प्रिय वृंदा,

गाडी सुरू झाली! एवढंच लिहून पत्र पेटीत टाकणार होते, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. काल सकाळी मी स्वतः, तुझी बावन्न वर्षांची आई, आपली लाल जर्मन गाडी चालवत बराकपूरला गेले आणि परत आले. शेजारी बाबा बसले होते. चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेली, भंगारवाल्यानेसुद्धा नाक मुरडलेली ती गाडी! आणि ऐक, तिच्या कागदपत्रांवर आता तुझं नाव आहे. तूच तिचं इंजिन जाळलंस असा ठपका बाबांनी तुझ्यावर ठेवला, त्यापायी तू पुण्याला निघून गेलीस आणि पुन्हा या घरात पाऊल टाकलं नाहीस. म्हणून ती तुझ्याच नावावर केली. घ्यायची की नाही ते तू ठरव. पण नव्या मालकिणीला चार गोष्टी सांगायला हव्यात, त्या आधी सांगून टाकते.

तिचं इंजिन तू नीट समजून घे, मेकॅनिकला ते समजत असेल असं धरून चालू नकोस. त्यात पिस्टन नाहीत. फुगीर बाजूंचा एक तिकोनी तुकडा पेटीत गरगर फिरतो, आणि स्पार्क प्लग एकच. वीस वर्षं शाळेत भूमिती शिकवल्यामुळे मला ते चित्र पाहताक्षणी आवडलं. मेकॅनिक लोकांना मात्र ते पटत नाही. तू गेल्यावर भवानीपूरच्या एका मिस्त्रीने अर्धा दिवस पिस्टन शोधले आणि शेवटी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ते कुणीतरी चोरले असावेत. बाबांनी पोलिसांत जायची तयारीसुद्धा केली होती.

दुसरं म्हणजे ती तेल पिते. तो तिचा आजार नाही, तिची रीतच तशी आहे. दर वेळी पेट्रोल भरलंस की तेलाची पातळी बघायचीच. सुरू करताना धूर निघाला तर घाबरू नकोस, शेजारी घाबरतील तेवढं पुरे. बाबा मात्र तेल खाते म्हणून तिच्यावर चिडायचे आणि काटकसर म्हणून तेल उशिरा घालायचे. पाण्याच्या बाबतीतही हयगय नको. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला तर कितीही घाई असो, गाडी बाजूला घे आणि थांब.

हे सगळं मला कुठून कळलं, असं तुझ्या मनात आलं असेल. बाबांनी एकाहत्तर साली ज्या जर्मन इंजिनिअरकडून गाडी घेतली, त्याने सोबत एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, आठवतं? कुणाला वाचता येईना म्हणून ते कपाटात पडून होतं. तुझी खोली रिकामी, संध्याकाळी करायला काही नाही, तेव्हा मी सरळ जर्मनच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली बंगाली मुलं, परदेशी निघालेली. मी त्यांची मासीमा, म्हणजे मावशी. माझा मुलगा जर्मनीत आहे अशी त्यांची समजूत होती. मुलगा नाही, गाडी जर्मन आहे, असं सांगितल्यावर सगळा वर्ग हसला. लोडशेडिंगमध्ये दिवे गेले की मास्तर अंधारातच क्रियापदं म्हणून घ्यायचे. दोन वर्षं मी एक वर्ग चुकवला नाही.

मग हावड्याचे शरच्चंद्रबाबू भेटले. पंपांचे भाग बनवायचा त्यांचा लहानसा कारखाना आहे. असलं इंजिन त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण पाहिलं नाही हे कबूल करणारा तो पहिलाच माणूस. मी पुस्तक उघडून जर्मनचं बांगला करून सांगायची आणि ते चष्मा कपाळावर चढवून ऐकायचे. प्लग काढून आत थोडं तेल सोडलं. अडकलेलं इंजिन आठवडाभर रोज हाताने जरा जरा फिरवलं. अकराव्या दिवशी गाडीने खोकल्यासारखं केलं आणि एकदम सूर धरला. गल्लीत इतका धूर झाला की समोरची माणसं पाण्याच्या बालद्या घेऊन धावली. मी सगळ्यांदेखत टाळ्या पिटल्या. गाडी चालवायलाही मी त्यांच्याकडेच शिकले.

आता मुख्य गोष्ट. तिला जपून, हळूहळू चालवू नकोस. आपल्या घरात जपून वापरणं म्हणजे पुण्यकर्म, पण या गाडीला ते सोसत नाही. नेहमी रेंगाळत चालवली तर आत काजळी धरते. गरम झाली की तिला मोकळी सोडायची आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा थेट सहा हजारांवर न्यायचा. म्हणजे पहाटे रेड रोडवर तू जे करायचीस आणि ज्यासाठी बाबांची बोलणी खायचीस, अगदी तेच. वृंदा, तू तिला मारत नव्हतीस गं, तूच तिला जगवत होतीस! काल बी. टी. रोड मोकळा मिळताच मी काटा सहा हजारांवर नेला. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे बाबा उजवीकडे, नेहमी ड्रायव्हर बसतो तिथे. सगळा रस्ताभर ते पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. हळूहळू इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसुरी झाला, मागचा धूर थांबला, आणि बाबांचा पायही थांबला. बराकपूर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की हे वृंदाला माहीत होतं. मला इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात हॉर्न वाजवला.

एक सूचना मुद्दाम मागे ठेवली होती. थंड इंजिन सुरू केलं की ते गरम होईपर्यंत बंद करायचं नाही, गाडी दहा पावलं हलवायची असली तरी नाही. आत पेट्रोल साचतं आणि मग ती सुरू होत नाही. पुस्तकात हे जाड अक्षरांत आहे. ते वाक्य लागलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. त्र्याहत्तरचा दसरा. तू पूजेसाठी गाडी बाहेर काढलीस, लिंबावरून नेलीस. धूर नैवेद्यावर आला आणि मी ओरडले की आधी ती बंद कर. थोडी चालू दे, असं तू म्हणालीस. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी तुला दटावलं. संध्याकाळी ती सुरू होईना. बाबांनी चार लोकांत तुला बोल लावला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी पूजेचं ताट उचलून आत गेले. इंजिनातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, पण बंद करायला मीच लावलं हे तर कळत होतं. मी भ्याले आणि गप्प बसले. चार वर्षं बसले. काल बराकपूरच्या घाटावर हे सगळं बाबांना सांगून टाकलं. परतताना त्यांनी मला गाडी हावडा स्टेशनला घ्यायला लावली आणि शनिवारच्या गीतांजली एक्सप्रेसचं तिकीट काढलं. ते तुझ्याकडे येताहेत. त्यांच्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहिलं. त्यांना माफी मागता येत नाही, ते पुण्याच्या थंडीबद्दल बोलत बसतील. तू त्यांना आत घे, चहा दे. रागवायचं आहे ते माझ्यावर, आणि पत्रातून रागवलेलं मला चालणार नाही. इथे ये आणि माझ्यासमोर उभी राहून रागव.

तुझीच,
आई